कीर्दीत न चढलेली लढाई

नागपुराच्या उत्तरेस कन्हान नदीच्या आसऱ्याने वसलेल्या खापरखेड्याची ओळख आज औष्णिक विद्युत केंद्रामुळे आहे. चार संच २१० मेगावॉटचे आणि एक ५०० मेगावॉटचा, मिळून १३४० मेगावॉट वीज येथे निर्माण होते. खाणीतून किती कोळसा आला, किती जळला, किती युनिट वीज निघाली आणि किती राख उरली याची घडीघडीची नोंद तेथे ठेवली जाते. ती ठेविल्यावाचून असला कारखाना एक दिवसही चालणार नाही. हीच कन्हान पुढे कामठीस जाते. कामठी ही १८२१ पासूनची लष्करी छावणी. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे प्रशिक्षण केंद्र आज तेथे आहे, आणि महार रेजिमेंटची दुसरी पलटणही १९४२ साली तेथेच उभी राहिली. छावणी इतकी जवळ असल्यावर आसपासच्या गावांत पलटणीत नोकरी केलेली माणसे असावयाचीच. कोणी शेती सांभाळतो, कोणी किराणा दुकान चालवितो, कोणी एखाद्या कारखान्याच्या फाटकावर पहारा करतो. कोळशाच्या प्रत्येक वाघिणीचा हिशेब ठेवणाऱ्या या मुलखात त्या माणसांनी काय पाहिले आणि काय केले याचा हिशेब कोणाजवळ आहे, असा प्रश्न आज आम्हांस वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

प्रश्न उपस्थित होण्याचे कारण असे. निवृत्त सैनिक घरी बसून एखाद्या लढाईची हकीकत सांगतो. शिकलेला नातू छापील इतिहास उघडतो, आणि त्यात ती टेकडी नसते, ती रात्र नसते, आजोबांच्या कंपनीचे नावही नसते. मग घरातली माणसे परस्परांकडे पाहून हसतात, आणि म्हातारा पुढे बोलेनासा होतो. छापील तेवढे खरे ही समजूत सुशिक्षितांत फार पक्की आहे. परंतु छापील इतिहास कोणत्या कागदांवरून तयार होतो आणि त्या कागदांत काय उतरू शकते हे ज्यास ठाऊक आहे तो इतक्या लवकर हसणार नाही.

आमच्या वाचकांत व्यापारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांस ही गोष्ट दोन शब्दांत समजेल. लढाईवर असलेली प्रत्येक पलटण एक दैनंदिनी ठेविते. तिला युद्धदैनंदिनी म्हणतात. ती म्हणजे पलटणीची कीर्द होय. तीवरून, आणि सेनापतींनी वर पाठविलेल्या खलित्यांवरून, पुढे सरकारी इतिहासाची खतावणी तयार होते. जी रक्कम कीर्दीत चढली नाही ती खतावणीत कोठून येणार? आता ही कीर्द लिहितो कोण, तर पलटणीच्या मुख्यालयातील एखादा अधिकारी. ब्रिटिश अमदानीत तो इंग्रजीत लिही, आणि बहुधा स्वतः इंग्रजच असे. आघाडीवरील एखाद्या चौकीत काय घडले हे त्यास तेथून आलेल्या निरोपावरून कळे. निरोप आणणारा वाटेत पडला, किंवा चौकीच सबंध कापली गेली, तर त्या दिवसाच्या रकान्यात एखादीच ओळ पडते. म्हणजे जेथे झुंज सर्वांत तुंबळ तेथेच नोंद सर्वांत तोकडी, असा हा विलक्षण व्यवहार आहे. सामान्य दिवशी किती शिधा आला, कोण रजेवर गेला, पाऊस किती पडला हे सारे लिहिले जाते. सर्वस्व पणास लागलेल्या रात्री लिहिण्यास सवड कोणास?

हे केवळ तर्काने म्हणत नाही. १९४४ च्या मार्च महिन्यात मणिपुरातील शांगशाक या तांगखुल नागांच्या खेड्यात जी लढाई झाली तिचे उदाहरण घ्यावे. त्या लढाईत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती, म्हणून ती आपल्या घरची लढाई आहे; आणि तरीही तिचे नाव ऐकलेला माणूस सातारा, रत्नागिरीपासून नागपुरापर्यंत विरळाच सापडेल.

त्या महिन्यात जनरल मुतागुची याच्या जपानी फौजा ब्रह्मदेशाची सरहद्द ओलांडून इंफाळ आणि कोहिमा या दोन ठाण्यांवर चालून आल्या. कोहिमाकडे निघालेल्या ३१ व्या डिव्हिजनपैकी ५८ वी रेजिमेंट मेजर जनरल मियाझाकी याच्या हुकमतीखाली उख्रुलच्या डोंगरातून येत होती. त्या बाजूने एवढी मोठी फौज येईल अशी इंफाळच्या वरिष्ठांस कल्पना नव्हती. तेथे होती ती ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड. तिचा प्रमुख ब्रिगेडिअर होप-थॉमसन; आणि तिच्यात १५२ वी भारतीय व १५३ वी गुरखा अशा दोन पॅराशूट पलटणी. लेफ्टनंट कर्नल ट्रिम याच्या हाताखालील मराठ्यांची चौथी पलटण त्या मुलखात आधीपासून होती. ती या ब्रिगेडच्या दिमतीस आली. शिवाय डोंगरी तोफांची एक बॅटरी, काही उखळी तोफा आणि नेपाळ दरबारच्या कालीबहादुर पलटणीचे काही लोक.

पहिला घाव १९ मार्चला १५२ व्या पलटणीच्या पुढे असलेल्या एका कंपनीवर पडला. एका उंच टेकडीवर ती एकाकी होती. रात्रभर झुंजून दुसऱ्या दिवशी ती जवळजवळ संपली. कंपनीप्रमुख पडला, मूठभर लोक परत आले. या कंपनीची शेवटची घटका कशी गेली हे आज जे कळते त्यातील सर्वांत हृदयद्रावक भाग आपल्या कोणत्याही दैनंदिनीतून आलेला नाही. तो जपान्यांच्या ५८ व्या रेजिमेंटच्या इतिहासातून आला आहे. टेकडीच्या माथ्यावर एक अधिकारी सर्वांदेखत उभा राहिला आणि त्याने पिस्तूल आपल्याच कपाळास लावून झाडले; ते पाहून हल्ला करणारे जपानी शिपाईही क्षणभर स्तब्ध झाले, असे शत्रूने लिहून ठेविले आहे. आपल्या माणसांच्या अखेरीची साक्ष आपणांस शत्रूच्या वहीतून उसनी आणावी लागावी, यापरते नोंदीचे दारिद्र्य कोणते?

त्यानंतर सारी ब्रिगेड मागे येऊन शांगशाकच्या डोंगरमाथ्यावर एकवटली. जागा लहान, आणि खाली खडक असल्यामुळे खंदक खोल खणता येईनात. काटेरी तारांचे कुंपण नाही. पाण्याची टंचाई इतकी की घोटघोट मोजून द्यावा लागे. विमानांतून टाकलेली रसद बरीचशी शत्रूच्याच बाजूस जाऊन पडे. एका टोकास अमेरिकन मिशनचे प्रार्थनामंदिर होते; त्याच्या ताब्यासाठी शेवटपर्यंत झटापटी झाल्या. २२ मार्चच्या संध्याकाळपासून २६ मार्चच्या रात्रीपर्यंत सुमारे दोन हजार माणसे त्या माथ्यावर दाटीवाटीने राहिली. त्यांत मेलेली खेचरे, जखमी माणसे, मृत सोबती, सर्व एकाच ठिकाणी. पंधराव्या जपानी डिव्हिजनचीही एक टोळी येऊन मियाझाकीच्या लोकांस मिळाली. अखेर २६ तारखेस संध्याकाळी बिनतारी संदेश आला की, वाट काढून निघून या. रात्रीच्या अंधारात जे चालू शकत होते ते दक्षिणेकडे उतरले. ज्यांस हलविणे अशक्यच होते असे जखमी मागे ठेवावे लागले. त्या ओळीत मराठी बोलणारे किती होते आणि त्यांनी मागे वळून काय म्हटले हे लिहिण्यास तेथे कोणी नव्हते.

या हट्टाचे फळ काय झाले ते पाहावे. कोहिमाकडे धावत निघालेल्या मियाझाकीचा जवळजवळ एक आठवडा येथे खर्ची पडला आणि त्याचे शेकडो लोक येथे कामास आले. कोहिमाचा वेढा एप्रिलच्या चौथ्या-पाचव्या तारखेस सुरू झाला. तेव्हा तेथे जी थोडीफार शिबंदी जमली होती ती या आठवड्यातच जमली. इंफाळलाही आपली ठाणी आवरून घेण्यास सवड मिळाली. २०१३ साली लंडनच्या राष्ट्रीय सैन्य संग्रहालयाने ब्रिटनची सर्वांत मोठी लढाई कोणती असा कौल घेतला, तेव्हा वॉटर्लू आणि नॉर्मंडी यांस मागे सारून इंफाळ-कोहिमा पहिली आली. त्या कौलाचे काय कौतुक करावयाचे ते करावे. परंतु त्या विजयाच्या पायातला एक दगड शांगशाकचा होता, हे त्या वेळी कितीकांस माहीत होते?

लढाई चालू असतानाच आणखी एक गोष्ट घडली. पडलेल्या एका जपानी अधिकाऱ्याच्या अंगावर नकाशे व कागद सापडले. त्यांवरून एक सबंध डिव्हिजन कोहिमावर जात असल्याचे उघड होत होते. ब्रिगेडच्या एका अधिकाऱ्याने त्यांची नक्कल करून मूळ कागद शत्रूच्या वेढ्यातून वाट काढीत इंफाळच्या मुख्यालयात पोचते केले. त्या कागदांची पोच ब्रिगेडला मिळाली नाही, आणि पुढे चाळीसहून अधिक वर्षे या प्रकरणाचा जाहीर उच्चार झाला नाही. ब्रिगेडिअर होप-थॉमसन यांस रुग्ण ठरवून मायदेशी धाडण्यात आले, आणि ब्रिगेडच्या वर्तनाविषयी कुजबुज तेवढी मागे राहिली. १४ व्या सैन्याचे सेनापती स्लिम यांनी त्याच वर्षी खास हुकूम काढून ब्रिगेडची मुक्तकंठाने प्रशंसा केली हे खरे. तथापि कुजबुजीचे पाय हुकुमाहून लांब असतात. शेवटी याच ब्रिगेडमध्ये चाकरी केलेल्या हॅरी सीमन नावाच्या गृहस्थाने १९८९ मध्ये या लढाईवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. जुन्या सहकाऱ्यांच्या आठवणी, दैनंदिन्या आणि जपानी कागद एकत्र मांडून, सरकारी इतिहासात या लढाईस तिचे माप मिळाले नाही, असा त्याचा दावा होता. आणि तेव्हापासून शांगशाकचा विचार केल्यावाचून इंफाळचा इतिहास लिहिण्याची सोय उरलेली नाही. म्हणजे एका निवृत्त सैनिकाच्या आठवणीने सरकारी वहीतली चूक दाखविता येते. ज्यास म्हाताऱ्या सैनिकांच्या गोष्टी म्हणजे करमणूक वाटते त्याने हे लक्षात घ्यावे.

मात्र येथेच आमचे समाधान होत नाही. ही जी दुरुस्ती झाली ती मुख्यतः इंग्रज अधिकाऱ्यांच्या आठवणींवरून झाली. त्यांस लिहिता येत होते, निवृत्तीनंतर परस्परांशी त्यांचा पत्रव्यवहार होता, त्यांचे कागद सांभाळणारी संग्रहालये होती. त्याच खंदकात बसलेला आमचा मराठा शिपाई लढाई संपल्यावर कोकणातल्या किंवा देशावरच्या आपल्या खेड्यात परतला. त्याने जे सांगितले ते अंगणात सांगितले, मराठीत सांगितले, आणि ते अंगणातच विरले. १९५८ मध्ये बिशेश्वर प्रसाद यांच्या संपादकत्वाखाली हिंदी सैन्याच्या दुसऱ्या महायुद्धातील इतिहासाचा ब्रह्मदेशविषयक भाग निघाला, तेव्हा शांगशाकचे शिपाई पस्तिशी-चाळिशीत होते, धडधाकट होते, आठवण ताजी होती. त्यांच्या गावी जाऊन त्यांची जबानी घेण्याचे काम विद्यापीठांनी, साहित्यसंस्थांनी किंवा आम्हां पत्रकारांच्या धंद्याने तेव्हा अंगावर घेतले असते तर आज मराठीत या लढाईचे एक स्वतंत्र दप्तर असते. इंग्रजांस दोष देणे सोपे आहे. १९४७ नंतरचा दोष कोणाचा?

अधिकाऱ्याने पाहिलेले तेवढेच वहीत चढते ही गोष्ट शौर्यपदकांच्या बाबतीतही खरी आहे. याच रेजिमेंटच्या नाईक यशवंत घाडगे यांस इटलीत १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडल्यावर, आणि शिपाई नामदेव जाधव यांस १९४५ च्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीकाठी केलेल्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोघेही त्या मानास सर्वथा पात्र होते. परंतु पदकासाठी साक्षीदार लागतो, शिफारस लिहिणारा लागतो, आणि ती शिफारस पायरीपायरीने वर जावी लागते. ज्या टेकडीवर पाहणारेच सर्व पडले तेथील पराक्रमाची शिफारस कोण लिहिणार?

पहिल्या महायुद्धातील प्रकार तर याहून कष्टाचा आहे. मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा येथे १९१५ च्या ७ डिसेंबरपासून १९१६ च्या २९ एप्रिलपर्यंत जो वेढा पडला त्यात सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: १०३ वी, ११० वी आणि ११७ वी. उपासमारीने शरण जावे लागल्यावर सुमारे १३ हजार लोक तुर्कांच्या कैदेत गेले, आणि त्यांतले हजारो वाळवंटातील वाटचालीत व छावण्यांत मेले. मेसोपोटेमियात पडलेल्या, परंतु ज्यांच्या कबरीचा ठावठिकाणा नाही अशा ४० हजारांहून अधिक लोकांसाठी बसऱ्यास मोठे स्मारक उभारण्यात आले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली, ब्रिटिश शिपायांचीही कोरली. पण हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा घातला. अमुक पलटण, इतके. २०२१ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या समितीने जो अहवाल प्रसिद्ध केला त्यात ही गोष्ट कबूल केली आहे: आशिया व आफ्रिकेतील ४५ ते ५४ हजार मृत सैनिकांचे स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीने झाले नाही, आणि निदान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, लोकांचे नावाने स्मरण झाले नाही किंवा मुळीच झाले नाही. आयोगाने त्याबद्दल क्षमा मागितली. क्षमा मागण्यास शंभर वर्षे लागली हे एक, आणि मागितली ती मेलेल्यांच्या पणतवंडांजवळ, हे दुसरे.

त्या युद्धानंतर हिंदुस्थानातील कित्येक गावांत सरकारने संगमरवरी पाट्या बसविल्या. या गावातून महायुद्धास इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा त्यांवरील मजकूर आहे. चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत ती पाटी अजूनही पुष्कळ ठिकाणी दिसते. तीतही आकडाच आहे, नाव नाही. गावच्या पाटीवर गावच्या माणसाचे नाव घालण्यास जागा कमी पडली असेल असे आम्हांस वाटत नाही. दुसऱ्या युद्धानंतर मात्र ही रीत सुधारली, हेही सांगितले पाहिजे: कोहिमास दहनस्मारकावर ९१७ हिंदू व शीख सैनिकांची नावे आहेत, आणि ब्रह्मदेशात ताऊक्यान येथील स्मारकावर सुमारे २७ हजार. दिल्लीस २०१९ मध्ये झालेल्या राष्ट्रीय समर स्मारकात १९४७ नंतरच्या पंचवीस हजारांवर सैनिकांची नावे भिंतींवर आहेत.

नाव दगडावर असले म्हणजे काय होते, याचे उत्तर महाराष्ट्रास कोरेगाव भीमेच्या स्तंभाने दिले आहे. १ जानेवारी १८१८ च्या त्या लढाईत पडलेल्यांची जी नावे स्तंभावर आहेत त्यांत २२ नावे ‘नाक’ या अखेरीची, म्हणजे महार शिपायांची आहेत. पुढे १८९० नंतर इंग्रज सरकारने महारांस पलटणीत घेण्याचे बंद केले. लढाऊ जातींची नवी व्याख्या करून शतकभराची चाकरी एका फटकाऱ्यासरशी पुसली. तेव्हा निवृत्त लष्करी पेशाचे गोपाळबुवा वलंगकर यांनी १८९४ मध्ये, आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९०४ व १९१० मध्ये, अर्ज करून पूर्वजांच्या चाकरीचा दाखला सरकारपुढे मांडला. १९१७ मध्ये गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली, आणि १९२१ मध्ये गरज संपताच मोडली. १९४१ मध्ये डॉ. आंबेडकरांचा आग्रह आणि दुसऱ्या युद्धाची निकड या दोहोंमुळे महार रेजिमेंट उभी राहिली, आणि तिची दुसरी पलटण, वर सांगितल्याप्रमाणे, खापरखेड्याच्या शेजारी कामठीस. सारांश, लष्करी नोंद ही केवळ अभिमानाची बाब नव्हे. तीवर भाकरी, हक्क आणि माणूस म्हणून मिळणारी वागणूक अवलंबून असते. जखम चाकरीत झाली हे कागदावर नसेल तर अपंगत्वाचे निवृत्तिवेतन अडते. पती कोणत्या दिवशी कोठे पडला याचा मेळ बसला नाही तर विधवेस कचेरीचे उंबरठे झिजवावे लागतात.

स्वराज्यात तरी हे दप्तर उघडे असावे, तर तेथेही निराशाच पदरी येते. १९६२ च्या चीन युद्धातील पराभवाची चौकशी करून लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडिअर भगत यांनी १९६३ मध्ये अहवाल दिला. तो सरकारने प्रसिद्ध केला नाही. नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने २०१४ मध्ये त्यातील बराच भाग बाहेर आणला तेव्हा कोठे लोकांस तो दिसला. त्याच युद्धाचा संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने तयार केलेला ग्रंथही १९९२ मध्ये पुरा होऊन मर्यादित हातांतच राहिला. त्या हिवाळ्यात सुती कपड्यांनिशी तेरा-चौदा हजार फुटांवर उभ्या राहिलेल्या शिपायाची चूक कोणती होती की त्याची हकीकत गुप्त ठेवावी?

२०२१ च्या जून महिन्यात संरक्षण मंत्रालयाने या बाबतीत नवे धोरण जाहीर केले. युद्ध किंवा मोहीम संपल्यापासून दोन वर्षांच्या आत समिती नेमावी, पुढील तीन वर्षांत इतिहास तयार व्हावा, आणि साधारणपणे पंचवीस वर्षांनी जुने कागद तपासून राष्ट्रीय अभिलेखागारात द्यावेत, असे त्यात ठरले आहे. धोरण चांगले आहे आणि आम्ही त्याचे स्वागत करतो. परंतु त्या समितीत कोण बसणार? मंत्रालयाचे सहसचिव, तिन्ही दलांचे, परराष्ट्र व गृह खात्यांचे प्रतिनिधी, आणि लागल्यास इतिहासतज्ज्ञ. साधने कोणती? युद्धदैनंदिन्या आणि तत्सम कागद. म्हणजे पुन्हा तीच कीर्द आणि तीच खतावणी. ज्याने बंदूक झाडली त्यास बोलावून विचारण्याची तरतूद यात कोठे आहे? ती करावी, आणि मराठी शिपायास मराठीत विचारावे, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. म्हातारपणी आठवण घोटाळते. ऐकलेले पाहिलेले वाटू लागते. दहा शत्रूंचे पन्नास होतात. सिनेमात पाहिलेली तोफ आपल्या टेकडीवर येऊन बसते. हे सर्व होते. आम्ही आठवणीस देववाणी मानीत नाही. पण सरकारी कागदासही कोणी देववाणी मानू नये. त्यालाही लिहिणाऱ्याचे हितसंबंध असतात, आणि पराभवानंतर लिहिलेल्या कागदास तर विशेषच. दोन्ही साक्षी एकमेकींपुढे उभ्या कराव्यात. आमचा असा अनुभव आहे की सैनिकास तारीख विचारली तर तो चुकतो, पण पाऊस होता की थंडी, नदी डावीकडे होती की उजवीकडे, शेजारच्या खड्ड्यात कोण होता, शेवटचे खाणे काय मिळाले होते, हे विचारले तर क्वचितच चुकतो. संख्या फुगते, माणसांची नावे फुगत नाहीत. त्या नावांवरून कागदापर्यंत पोचता येते. दैनंदिनीत त्याच आठवड्यात त्याच नावाचा शिपाई जखमी म्हणून सापडला की बाकीच्या हकीकतीचे वजन आपोआप ठरते. पंजाबाचे उदाहरण याबाबत घेण्याजोगे आहे. पहिल्या महायुद्धास गेलेल्या सुमारे ३ लाख २० हजार लोकांची गावनिहाय पुस्तके लाहोरच्या संग्रहालयात पडून होती. इंग्लंडातील पंजाबी मंडळींनी एका विद्यापीठाच्या साह्याने ती सर्वांस पाहता येतील अशी करण्यास २०२१ मध्ये आरंभ केला, आणि किती तरी घरांतल्या गोष्टींस गावाच्या नावासह पुरावा मिळाला.

खापरखेड्यासारख्या ठिकाणी हे काम कसे करता येईल? त्यासाठी सरकारच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही. दुसऱ्या महायुद्धात लढलेले जवळजवळ सर्वच गेले. १९६२ मध्ये जो विशीत होता तो आज ऐंशीच्या पुढे आहे. १९६५ आणि १९७१ चे सैनिकही सत्तरी ओलांडून गेले. श्रीलंकेत १९८७ ते १९९० मध्ये गेलेले आणि १९९९ साली कारगिलच्या डोंगरावर चढलेले मात्र अजून हिंडतेफिरते आहेत. ग्रामपंचायतीने आणि हायस्कुलातील इतिहासाच्या शिक्षकांनी मिळून आधी यादी करावी. नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे साह्य मागावे. प्रत्येकाकडे तीन-चार वेळा जावे, एकदाच जाऊन आटोपते घेऊ नये, कारण पहिल्या दिवशी सैनिक सर्वांस ठाऊक असलेलेच सांगतो. आता प्रत्येकाच्या खिशात आवाज टिपणारे यंत्र आहे. त्याचा उपयोग लग्नाच्या वरातीपलीकडेही करावा. विधवांस विसरू नये. युद्धावरून परतलेल्या माणसाने झोपेत काय बडबड केली हे त्यांच्याइतके कोणासच ठाऊक नसते. बोललेले जसेच्या तसे उतरावे, वऱ्हाडी-नागपुरी बोलीचे पुस्तकी मराठी करू नये. जे शत्रूविषयी, वरिष्ठांविषयी किंवा स्वतःच्या भीतीविषयी कडू बोलले जाईल तेही गाळू नये. सैनिकाची इच्छा असेल तर ते त्याच्या हयातीत बंद ठेवावे. एक प्रत शाळेत, एक त्या पलटणीच्या केंद्राकडे, एक नागपुरात विदर्भ संशोधन मंडळाकडे, अशी व्यवस्था झाली तर आगीने, वाळवीने किंवा बदल्यांनी ती सर्व एकदम नाहीशी होणार नाही.

याचा खर्च काय? व्यापारी मंडळींनी मनावर घेतले तर एका गणपतीच्या मंडपाच्या विजेच्या रोषणाईत खापरखेडा, कामठी आणि सावनेर या तिन्ही ठिकाणचे काम होईल.

तोपर्यंत वाचकांनी एवढे तरी करावे. घरात पणजोबा-आजोबांचे पदक असेल तर ते पेटीतून काढून त्याची कड उजेडात धरावी. पहिल्या महायुद्धातील रुपेरी पदकाच्या कडेवर, आणि हिंदी सैनिकांस दुसऱ्या महायुद्धाबद्दल दिलेल्या पदकांवरही, शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. अक्षरे बारीक असतात आणि बहुधा मळाने भरलेली असतात. ओल्या फडक्याने पुसली की वाचता येतात. पॉलिश मात्र लावू नये, त्याने अक्षरे झिजतात. सोनाराकडे वितळविण्यास पदक आले, तर सोनारानेही ते वितळविण्यापूर्वी तो क्रमांक आणि ते नाव आपल्या वहीत उतरून घ्यावे.